१/४ + १/६ : चुकलेल्या उत्तरावरून दुखणं ओळखायचं कसं

पाचवी-सहावीच्या शिकवण्या घ्यायला लागून बरीच वर्षं झाली. सहामाही जवळ आली की एक ठरलेला फोन येतो. "मॅडम, अपूर्णांकांची बेरीज परत चुकायला लागलीय. मागच्या महिन्यात येत होती हो! मी स्वतः बसवून घेतली होती." बसवून घेतलेलं गणित उठूनही जातं, हे मी फोनवर म्हणत नाही. पण खरं तेच आहे.

उत्तर चुकलं की आपण काय करतो? फुली मारतो आणि रीत पहिल्यापासून सांगतो. लसावि काढ, छेद समान कर, अंशांना गुण, मग मिळव. मूल मान डोलावतं, आपल्यासमोर चार गणितं बरोबर करून दाखवतं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. चूक नेमकी कुठे होतेय ते आपण पाहिलेलंच नसतं. कसलाही ताप असो, गोळी तीच.

म्हणून मी आधी काहीच शिकवत नाही. कोरा कागद देते आणि एकच गणित घालते: १/४ + १/६.

हीच जोडी का, ते सांगते. ४ आणि ६ यांचा गुणाकार २४, पण लसावि (दोघांनीही भाग जाणारी सगळ्यांत लहान संख्या) १२. दोन्ही वेगळे असल्यामुळे मुलाने कुठली वाट धरली ते उत्तरातच उमटतं. बहुतेक जण घरी तपासायला १/२ + १/३ देतात. तिथे गुणाकारही ६ आणि लसाविही ६, त्यामुळे चुकीच्या वाटेने गेलेलं मूलही कधीकधी बरोबर घरी पोचतं आणि आपण खूश होतो.

उत्तर आलं की लगेच "चूक" म्हणू नका. "कसं केलंस?" एवढंच विचारा आणि ऐका. मग पुढचं वाचा.

उत्तर २/१० आलं तर

वरचे वर मिळवले, खालचे खाली. सगळ्यांत जास्त दिसणारी चूक हीच, आणि मुलाला ओरडण्याआधी तिचं मूळ पाहायला हवं, कारण ते आपल्याच घरात असतं.

घटक चाचणीचे पेपर घरी येतात. मराठीत १८/२५, गणितात १५/२०. आई विचारते, "एकूण किती?" मूल सांगतं, "४५ पैकी ३३." शाबास! म्हणजे १८/२५ आणि १५/२० मिळून ३३/४५ हे त्याने शंभरदा केलंय, आणि दरवेळी ते बरोबरच ठरलंय. आडव्या रेघेच्या वर-खाली दोन आकडे, वरचे मिळवा, खालचे मिळवा. मग गणिताच्या वहीत तेच केलं की फुली. मुलाच्या बाजूने पाहिलं तर हा अन्यायच आहे.

फरक असा की गुणांच्या बेरजेत एकूणही वाढत जातं. आधी २५ गुणांचा पेपर होता, मग दोन पेपर मिळून ४५ गुणांचे झाले. अपूर्णांकाच्या बेरजेत मात्र अख्खी वस्तू एकच राहते. पाव तास आणि एक षष्ठांश तास मिळवताना तास काही दोन तासांचा होत नाही. हे मुलांना असं सरळ, गुणपत्रिका समोर ठेवून सांगितलं की पटतं. "ते गुण आहेत, हे वेगळं" एवढ्याने पटत नाही.

दुसरं मूळ आपल्या बोलण्यात आहे. मुलं "वन अपॉन फोर" म्हणतात, मराठी शाळेतली "एक छेद चार". दोन्हीत कानाला दोन आकडे ऐकू येतात. आता "एक चतुर्थांश" म्हणून पाहा. इथे आकडा एकच आहे, एक. "चतुर्थांश" हे तुकड्याचं नाव झालं. "एक चतुर्थांश अधिक एक षष्ठांश" असं मोठ्याने म्हणायला लावलं की मूल अडखळतं, आणि तेच मला हवं असतं. पाच मीटर अधिक तीन लिटर म्हटल्यावर जसं अडखळायला होतं तसं. दोन काय झाले? चतुर्थांश की षष्ठांश? नाव एक नाही तोवर मोजता येत नाही, आणि समच्छेद करणं म्हणजे दोन्ही तुकड्यांना एक नाव शोधणं. पुढे द्वादशांश वगैरे जड होतं, तिथे मी सरळ "बारातला तुकडा" म्हणते. बारातले तीन आणि बारातले दोन, मिळून बारातले पाच.

मागच्या वर्षी सहावीतला एक मुलगा माझ्याकडे आला. कागदावर १/२ + १/४ = २/६ लिहिलेलं. मी कागद उलटा ठेवला आणि विचारलं, "अर्धा लिटर दूध आणि पाव लिटर दूध, किती झालं?" "पाऊण," डोळ्याचं पातं लवायच्या आत. कागद परत सुलटा केला. तो दोन मिनिटं नुसता बघत बसला. मग म्हणाला, "पण हे तर दुधाचं आहे." त्याच्या डोक्यात दुधाचं आणि वहीचं अशी दोन वेगळी खाती होती. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द ज्या घरात रोज कानावर पडतात त्या मुलांना अपूर्णांकांची बेरीज निम्मी आधीच येत असते. फक्त ते सगळं वहीतल्या खात्यावर जमा करून द्यावं लागतं. इंग्रजी माध्यमातल्या कित्येक मुलांना पावणेदोन म्हणजे किती हे सांगता येत नाही, तिथे मात्र हे भांडवल नाही. तिथे घड्याळ.

घड्याळ हे माझं आवडतं हत्यार आहे. तासाची ६० मिनिटं आणि ६० ला २, ३, ४, ५, ६, १०, १२, १५ सगळ्यांनी भाग जातो. १/४ तास म्हणजे १५ मिनिटं, १/६ तास म्हणजे १० मिनिटं. मिळून २५ मिनिटं. मग मुलाला त्याचं स्वतःचं उत्तर मिनिटांत करायला लावा. २/१० तास म्हणजे १२ मिनिटं. १५ मिनिटं खेळलास, वर आणखी १० मिनिटं खेळलास आणि झाली १२? बहुतेक मुलं इथे हसतात. हसलं की अर्धं काम झालं. २५ मिनिटं म्हणजे २५/६०, पाचाने भाग दिला की ५/१२.

घड्याळाची हद्दही सांगून ठेवते. छेद ७ आला की घड्याळ हात वर करतं, ८ आला की साडेसात मिनिटं निघतात, ९ चं तर विचारूच नका. मुलाला हे स्वतःलाच सापडू द्या. "मग सातासाठी किती मिनिटांचा तास हवा होता?" असा प्रश्न त्याने विचारला तर लसावि शिकवायची गरजच उरत नाही, तो त्याने जवळजवळ शोधलेलाच असतो.

चित्रांबद्दल एक सावधगिरी. दोन भाकऱ्या काढून एकीचे दोन भाग, दुसरीचे तीन भाग, दोन्हींतला एकेक रंगवायचा, असं चित्र खूपदा काढून दाखवलं जातं. मूल मोजतं: एकूण तुकडे पाच, रंगवलेले दोन, म्हणजे २/५. चित्रानेच चूक पक्की केली! दोन वस्तू शेजारी काढल्या की हे होणारच. एकच आकृती काढा आणि दोन्ही अपूर्णांक तिच्यातच बसवा. गोल तर नकोच. गोलाचे तीन सारखे भाग मलाही नीट जमत नाहीत, मुलांचे कुठून जमणार. चौकटीच्या वहीत ३ गुणिले ४ असा बारा चौकटींचा आयत आखा. त्याचा चौथा भाग म्हणजे तीन चौकटी, सहावा भाग म्हणजे दोन. निळ्याने तीन, लालने दोन. पाच रंगल्या, एकूण बारा.

उत्तर २/१२ आलं तर

हे मूल बरंच पुढे आलेलं आहे. लसावि काढता येतो, छेद समान करायचा हेही माहीत आहे. पण छेद बदलला आणि अंश जागेवरच ठेवला: १/४ चं १/१२ झालं, १/६ चंही १/१२ झालं. त्याच्या लेखी "छेद समान करणे" हा एक कागदी उपचार आहे. खालचा आकडा खोडायचा आणि नवा लिहायचा.

इथे लसावि पुन्हा शिकवण्यात वेळ घालवू नका, तो येतोय. विचारा: "तुला चतकोर भाकरी वाढली होती. तिच्याऐवजी मी बारावा तुकडा वाढला, चालेल?" नाही चालणार. भाकरीचे तुकडे बारीक झाले तर तेवढंच पोट भरायला ते जास्त लागतात. चतकोराऐवजी बारातले तीन. तुकडा तिपटीने लहान झाला म्हणून संख्या तिपटीने वाढली. सममूल्य अपूर्णांकाचा सगळा धडा एवढाच आहे, आणि २/१२ लिहिणाऱ्या मुलाला बेरजेकडून थोडं मागे, त्या धड्यात न्यायला हवं. आठवडाभर बेरीज नकोच. १/४ = ?/१२, २/३ = ?/१५, ५/६ = ?/२४ अशी रिकाम्या जागांची गणितं रोज पाच-सहा.

लिहिण्याची एक सवय इथे फार उपयोगी पडते. १/४ च्या शेजारी थेट ३/१२ लिहायचं नाही. मध्ये एक पायरी: वरही गुणिले ३, खालीही गुणिले ३. ही पायरी गाळली की अंश विसरला जातो. हुशार मुलं ती आधी गाळतात, म्हणून ही चूक हुशार मुलांमध्येही सापडते.

उत्तर १०/१२ आलं तर

परत परत येणारं दुखणं हेच, आणि गेल्या काही वर्षांत ते वाढलंय असं माझं मत आहे. कारण मुलाला दोन रीती माहीत असतात आणि दोन्ही अर्ध्या आठवतात.

शाळेत लसाविची रीत शिकवली. मोबाइलवर कुणीतरी फुलपाखरू पद्धत दाखवली: तिरका गुणाकार करायचा, १ × ६ आणि ४ × १, वर मिळवायचे, खाली छेदांचा गुणाकार. ६ + ४ = १०, खाली २४. १०/२४, म्हणजे ५/१२. रीत बरोबर आहे. पण मुलाने वरचा भाग फुलपाखराचा घेतला आणि खालचा लसाविचा. १०/१२. घड्याळात टाका: ५० मिनिटं. पंधरा आणि दहा मिळून पन्नास.

या मुलांना मी विचारते, "तुला यातली कुठली आवडते?" आणि जी सांगतील ती ठेवून दुसरी महिनाभर बंद करते. शाळेत लसाविच हवा असा आग्रह असेल तर अर्थात लसावि. फुलपाखराला माझा विरोध नाही, पण दोन तक्रारी आहेत. तीन अपूर्णांक आले की त्याचे पंख कुठे जोडायचे ते कळत नाही. आणि छेद १२ आणि १८ असले की खाली २१६ येऊन बसतात, जिथे ३६ पुरले असते.

गंमत म्हणजे हा वाद नवा नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या लीलावतीत समच्छेद करण्याच्या दोन्ही रीती एकाच श्लोकात शेजारी शेजारी दिल्या आहेत. 'समच्छेद' हा आपला शब्दही तिथलाच, फक्त छेदाला त्यांनी 'हर' म्हटलंय. पहिली रीत: एकमेकांच्या हरांनी गुणा. म्हणजे फुलपाखरूच, पंख न काढलेलं. दुसरी, शहाण्यासाठी: आधी दोन्ही हरांना सामाईक संख्येने भागून लहान करा आणि मग त्या लहान संख्यांनी एकमेकांना गुणा.

ही दुसरी रीत मी खरोखर वापरते, कारण तिच्यात लसावि वेगळा काढावाच लागत नाही. ४ आणि ६ ला २ ने भागा: २ आणि ३ उरले. आता अदलाबदल. ४ छेद असलेल्याला वर-खाली ३ ने गुणा, ६ छेद असलेल्याला २ ने. ३/१२ आणि २/१२. झालं. लीलावतीतलं वजाबाकीचं उदाहरण असंच आहे: १/१४ मधून १/६३ वजा करा. पहिल्या रीतीने छेद ८८२ होतो आणि वर ६३ − १४ = ४९. दुसऱ्या रीतीने १४ आणि ६३ ला ७ ने भागलं, २ आणि ९ उरले; ९/१२६ − २/१२६ = ७/१२६ = १/१८. ४९/८८२ सुद्धा १/१८ च आहे, पण ते ओळखायला किती वेळ लागतो ते करून पाहा.

उत्तर १/२४ किंवा ६/४ आलं तर

बेरीज बिघडलेली नाही. मुलाने गुणाकार केलाय, किंवा भागाकारासारखा दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणलाय. अपूर्णांकांचे गुणाकार-भागाकार शिकवून झाले की पुढचे दोन-तीन आठवडे हे हमखास होतं. "मागच्या महिन्यात येत होती हो" या फोनमागे पुष्कळदा हेच असतं. नवीन धड्याने जुन्यावर माती टाकली.

इलाज म्हणून मी एकाच जोडीची चारही गणितं एका पानावर मांडायला लावते.

१/४ + १/६ = ५/१२
१/४ − १/६ = १/१२
१/४ × १/६ = १/२४
१/४ ÷ १/६ = ३/२

आकडे तेच, फक्त खुणा बदलल्या. मग घड्याळाने एकेकाला अर्थ द्यायचा. पंधरा मिनिटं आणि दहा मिनिटं मिळून: पंचवीस. पंधरातून दहा गेली: पाच. पाव तासाचा सहावा भाग: अडीच मिनिटं, तासाचा चोविसावा भाग. पंधरा मिनिटांत दहा-दहा मिनिटांचे डाव किती: दीड. गुणाकारात तुकड्याचा तुकडा करतोय, म्हणून तिथे नावं जुळवावी लागत नाहीत, आणि बेरीज-वजाबाकीत एकाच जातीचे तुकडे मोजतोय, म्हणून लागतात. भागाकार समच्छेद करूनही होतो: ३/१२ ÷ २/१२ म्हणजे सरळ ३ ÷ २. हे बघून एक मुलगी म्हणाली होती, "मग उलटं का करायला लावतात?" प्रश्न योग्य आहे, पण तो दुसऱ्या दिवसासाठी राखला.

याच काळात कापाकापीची चूकही येते. २/३ + ३/४ मध्ये मूल खालचा ३ आणि वरचा ३ कट करून मोकळं होतं. कट करायचं ते गुणाकारात. अधिकच्या खुणेपलीकडे हात घालायचा नाही, एवढं सांगून पुरतं. पण घड्याळाने दाखवलंत तर उत्तम: ४० आणि ४५ मिनिटं, ८५ मिनिटं, म्हणजे १ पूर्णांक ५/१२.

उत्तर १०/२४ आलं तर

काही करू नका. बरोबर आहे. "याला संक्षिप्त रूप देता येईल का?" इतकंच.

वजाबाकीत फक्त पूर्णांकयुक्तला अडतं?

५ पूर्णांक १/४ मधून २ पूर्णांक १/२ वजा करायचे. मूल छेद समान करतं, १/४ आणि २/४. आता एकातून दोन जात नाहीत. इथे दोन प्रकारची मुलं दिसतात. काही गुपचूप दोनातून एक वजा करतात आणि ३ पूर्णांक १/४ लिहितात. काही पाचाकडून उसने घेतात, पण दहा घेतात, कारण दुसरीपासून उसना म्हणजे दहाच: ११/४ − २/४, उत्तर २ पूर्णांक ९/४. त्यात त्यांची चूक नाही. एकक-दशकात उसना दहाचा असतो. इथे उसना आलेला एक म्हणजे चार चतुर्थांश. छेद सहा असता तर सहा षष्ठांश. "उसना कितीचा ते छेदाला विचार," असं मी म्हणते. मग ४ पूर्णांक ५/४ − २ पूर्णांक २/४ = २ पूर्णांक ३/४.

आणि हेच तोंडी घाला: सव्वापाच मीटर कापडातून अडीच मीटर कापलं. दुकानदार सुटे परत देताना मोजतो तसं वर चढत जायचं. अडीच ते तीन अर्धा, तीन ते पाच दोन, पाच ते सव्वापाच पाव. दोन आणि पाऊण: पावणेतीन. ज्या मुलांना उसन्याचं काही केल्या जमत नाही त्यांना मी ही चढती वजाबाकीच ठेवायला सांगते. दोन्हींचे अंशाधिक अपूर्णांक करून (२१/४ − १०/४ = ११/४) करायलाही हरकत नाही, लहान आकड्यांत ते सगळ्यांत सुरक्षित आहे. २७ पूर्णांक १/४ सारखं काही आलं की आकडे फुगतात आणि मग गुणाकारात चुका होतात.

पूर्ण संख्येतून अपूर्णांक वजा करताना मात्र वेगळंच अडतं. ३ − २/५ ला छेद एकीकडेच दिसतो, म्हणून मूल ३ − २ = १ करून १/५ लिहितं. तीन भाकऱ्यांतून अर्धीसुद्धा दिली नाही आणि उरला एक तुकडा? तिनांतली एकच भाकरी मोडा: २ अख्ख्या आणि ५/५. त्यातले २/५ गेले, उरले २ पूर्णांक ३/५.

लसाविच चुकतोय

मग ही अपूर्णांकांची तक्रारच नाही, पाढ्यांची आहे. उभी मांडणी करून अवयव पाडण्यापेक्षा, दोनच छेद असतील तर मोठ्या छेदाचा पाढा म्हणत जा आणि लहानाने भाग गेला तिथे थांबा. ८ आणि १२: बारा, नाही, चोवीस, हो. मसावि (दोघांनाही भाग देणारी सगळ्यांत मोठी संख्या) आणि लसावि यांची अदलाबदल करणारी मुलं ४ आणि ६ साठी खाली २ लिहितात. त्यांना एवढंच विचारायचं: "चतुर्थांशाचे तुकडे जोडून अर्ध्याचा तुकडा करणार की आणखी बारीक करणार?" नवा छेद दोन्हींपेक्षा लहान असूच शकत नाही.

आधी अंदाज

वरचं सगळं दुरुस्त झालं तरी परत चूक होऊ शकते. ती मुलाची त्यालाच पकडता यावी म्हणून एक सवय: पेन टेकवण्याआधी अंदाज. १/४ + १/६ अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? दोन पाव मिळून अर्धा होतो, आणि १/६ तर पावापेक्षाही लहान. म्हणजे अर्ध्यापेक्षा कमी, पण पावापेक्षा जास्त. या एका वाक्याने २/१०, २/१२, १०/१२, १/२४, ६/४ सगळे बाद होतात.

ही सवय नसणं ही काही आपल्याच मुलांची गोष्ट नाही. अमेरिकेत १९७८ च्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना १२/१३ + ७/८ चं उत्तर अंदाजे किती ते विचारलं होतं. पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एकेक, म्हणजे उत्तर जवळजवळ दोन. २ निवडणारी मुलं होती फक्त २४ टक्के. १९ आणि २१ निवडणारी प्रत्येकी त्याहून जास्त निघाली. १२ + ७ आणि १३ + ८, बाकी काही नाही.

परत परत येऊ नये म्हणून

एका रविवारी पन्नास गणितं करून घेण्याचा उपयोग होत नाही, मी करून पाहिलंय. पन्नासाव्या गणितापर्यंत हात यंत्रासारखा चालतो आणि डोकं झोपतं. दुरुस्ती झाल्यावर दुसऱ्या दिवशी दोन, चार दिवसांनी दोन, पंधरा दिवसांनी दोन, आणि त्यांत एखादा गुणाकार मुद्दाम मिसळलेला. स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता तोंडी घालता येतात: "पाऊण तास आणि वीस मिनिटं?" शिष्यवृत्तीच्या तयारीला लागलेल्या मुलांनाही हेच पुरतं, वेगळ्या युक्त्या लागत नाहीत.

तपासायला पाच गणितं देते. प्रत्येकात एक खड्डा आहे.

५/६ + ३/८ मध्ये घड्याळ साडेबावीस मिनिटांवर अडतं आणि उत्तर एकाच्या वर जातं. ७/१० − ४/१५ मध्ये फुलपाखरू १५० पर्यंत उडतं, जिथे ३० पुरतात. ३ − ५/७ ला एकीकडे छेद नाही. २ पूर्णांक १/६ − १ पूर्णांक ३/४ ला उसना बाराचा लागतो. आणि १/२ + १/३ + १/६ चं उत्तर पाहून मूल "एवढंच?" म्हणालं तर समजा बरोबर आलंय.

उत्तरं क्रमाने: १ पूर्णांक ५/२४, १३/३०, २ पूर्णांक २/७, ५/१२, १.